लहान तोंडी मोठा घास

पोटाची शस्त्रक्रिया संपत आली होती. आतले काम निर्वेध पार पडले होते, रक्तस्राव थांबला होता, भूलतज्ज्ञांनी पडद्यावरचे आकडे एकवार न्याहाळून समाधानाने मान हलवली होती, आणि गेले अडीच तास एकाच जागी उभ्या असलेल्या शस्त्रवैद्यांनी पोट शिवण्यासाठी नीडल होल्डर हातात घेतला होता, तेवढ्यात त्यांच्या उजव्या हाताला ट्रॉलीशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, एक मॉप कमी येतोय."

मॉप म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी वापरतात ते जाळीदार कापडाचे अनेकपदरी, कडा शिवलेले चौकोनी तुकडे. पाच-पाचांच्या जुड्यांनी ते आत येतात, येताना मोजले जातात, आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहिला जातो, आणि पोट मिटण्यापूर्वी पुन्हा मोजणी होते. कारण रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या वळ्यांत दडला की अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही, आणि तो आत राहिला तर आठवड्याने, महिन्याने, कधी वर्षांनीही पू होऊन रोग्याच्या जिवावर बेततो. फळ्यावर वीस लिहिले होते. सिस्टरांनी दोनदा मोजले होते. एकोणीसच भरत होते.

शस्त्रवैद्यांनी नीडल होल्डर खाली ठेवला. "पुन्हा एकदा पाहू," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी पोटात हात घातला. सहायकाने डावी बाजू तपासली, दुसऱ्या सिस्टरांनी बादलीतले मॉप एकेक करून खाली पसरले, मावशींनी टेबलाखाली वाकून बॅटरीचा उजेड टाकला. मी हिरवा झगा आणि टोपी घालून कोपऱ्यात उभा होतो आणि माझे डोळे घड्याळावर होते. अकरा मिनिटांनी मॉप सापडला तो पोटात नव्हताच. रोग्याच्या पायांवर अंथरलेल्या चादरीच्या चुणीत तो अडकून बसला होता. म्हणजे पोट तेव्हाच मिटले असते तरी काही बिघडले नसते. सिस्टरांचा चेहरा क्षणभर उतरला. शस्त्रवैद्यांनी मान वर केली आणि म्हटले, "थँक यू, सिस्टर. मोजणी पूर्ण?" "पूर्ण, सर." मग त्यांनी शिवायला घेतले.

त्या सिस्टरांचे वय चोविसाच्या आसपास असावे आणि त्यांच्या नोकरीला दोन वर्षे झाली होती. शस्त्रवैद्य तीस वर्षे सुरी चालवीत होते. एका जिल्ह्याच्या गावातील हे मध्यम आकाराचे रुग्णालय. त्याचे आणि आपले नाव छापायचे नाही, या अटीवरच डॉक्टरांनी मला आत येऊ दिले. मी तिथे गेलो होतो तो शस्त्रक्रिया पाहण्यासाठी नव्हे, तर ज्या कामाच्या जागी हुद्द्याने सर्वांत लहान माणूस सर्वांत मोठ्या माणसाला भर कामात थांबवू शकतो, ती जागा कशी घडते, हे पाहण्यासाठी. माझी स्वतःची हयात दफ्तरांत गेली. तिथे बत्तीस वर्षांत हाताखालच्या माणसाने सांगितलेली जी जी खरी आणि मोलाची गोष्ट मी ऐकली, तिच्याआधी बहुधा एकच क्षमायाचना ऐकली : "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण..." आणि जी मी ऐकली नाही, जी त्या "पण"च्या अलीकडेच विरून गेली, तिचा हिशेब कोणत्याही रोजनाम्यात नाही. त्या रुखरुखीपोटीच हा लेख लिहितो आहे.

धैर्याचा विषय निघाला की मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि ते योग्यच आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सत्ता हाती घेतलेल्या राघोबादादांना, या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगणारे माहुलीचे हे न्यायाधीश आपल्या शाळकरी वयापासून आपल्या मनात उभे असतात. परंतु याच रामशास्त्र्यांची दुसरी एक कथा सांगतात, ती मला या विषयाच्या अधिक जवळची वाटते. थोरले माधवराव तरुण वयात जपतपात इतके रमू लागले की कारभाराची कामे खोळंबली. तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांना निक्षून सांगितले, की ब्राह्मणाचे आचरणच करायचे असेल तर गादी सोडावी आणि आपण दोघेही गंगाकाठी जाऊ. गादीवर राहायचे असेल तर प्रजेचे पालन हेच अनुष्ठान. माधवरावांनी ते ऐकले आणि आपला क्रम बदलला.

सांगणारा एकच, वाणी तीच, निर्भयताही तीच. पण एका धन्यापाशी ती वाणी दरबारात राहिली आणि कारभाराला उपयोगी पडली, दुसऱ्यापाशी तिला पुणे सोडावे लागले, आणि कारभार पालटल्यावरच ती परत आली. आपण रामशास्त्र्यांचे धैर्य गातो आणि माधवरावांचे कान विसरतो. खरे बोलण्याची किंमत बोलणारा ठरवीत नाही, ती ऐकणारा ठरवतो. आणि ज्या कचेरीत, कारखान्यात किंवा रुग्णालयात ही किंमत इतकी चढी आहे की ती फक्त रामशास्त्र्यांनाच परवडावी, तिथे बहुतेक सत्ये न बोललेलीच राहतात, कारण रामशास्त्री शतकात एखादा होतो आणि मॉप रोज मोजावे लागतात.

ती किंमत किती चढू शकते, याचे विमानविद्येच्या इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण 27 मार्च 1977चे आहे. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळावर त्या दिवशी दाट धुके उतरले होते आणि केएलएम व पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन अजस्र बोईंग 747 विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचे कप्तान म्हणजे त्या कंपनीतील या जातीच्या विमानांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख, ज्यांचे छायाचित्र कंपनी जाहिरातींत छापत असे असे नामांकित वैमानिक. त्यांनी प्रथम इंजिनांचा जोर वाढवायला घेतला तेव्हा सहवैमानिकाने, अजून परवानगी आलेली नाही, याची आठवण दिली, आणि कप्तानांनी ती मागून घेण्यास सांगितले. नियंत्रण कक्षाकडून उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी आली. उड्डाणाची आली नव्हती. तरी विमान पळू लागले. एकाच प्रसंगात आपल्याच वरिष्ठ शिक्षकाला दुसऱ्यांदा अडवणे सहवैमानिकाच्या जिवावर आले असावे. त्याने नभोवाणीवर काहीसे संदिग्ध शब्द उच्चारले आणि तो गप्प राहिला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने तेवढे विचारले, की ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का? कप्तानांनी ठामपणे, झाले, असे उत्तर दिले. त्यावर तो पुन्हा बोलला नाही. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली.

त्या इंजिनिअरला शंका होती आणि ती खरी होती. त्याने ती प्रश्नाच्या रूपाने मांडली, कारण शंका आज्ञेच्या रूपाने मांडण्याची मुभा त्या खोलीत त्याला कोणी दिलेली नव्हती. आपल्याकडे याला ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात, आणि हाताखालच्या माणसांची अर्धी भाषा याच जातीची असते : "सर, एकदा बघून घेता का?" "साहेब, मागच्या वेळी वेगळं होतं वाटतं." हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात पूर्ण धोक्याची घंटा वाजत असते, ऐकणाऱ्याच्या कानी मात्र अदब तेवढी पोहोचते. कप्तानाने सहकाऱ्यांना आधी विचारावे आणि सहकाऱ्यांनी शंका पायरीपायरीने चढत्या स्पष्टतेने मांडावी, हे वैमानिकांना शिकवण्याची पद्धत अशा अपघातांच्या अभ्यासातूनच निघाली. 1979 साली नासाने त्यावर परिषद भरवली, 1981मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी तसा अभ्यासक्रम सुरू केला. 1989 साली याच कंपनीच्या एका विमानाची सुकाणू हलवणारी सर्व यंत्रणा हवेतच निकामी झाली, तेव्हा कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक-वैमानिकालाही पुढे बोलावून घेतले, चौघांनी मिळून केवळ इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीपर्यंत आणले आणि 296 पैकी 184 जीव वाचले. त्याचे श्रेय हेन्स यांनी या शिक्षणाला दिले.

विमानातून ही रीत शस्त्रक्रियागृहात आली, आणि ती आणणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे त्या डॉ. अतुल गवांदे यांचे मूळ यवतमाळ जिल्ह्यातील उटी या खेड्यात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्यांचे वडील त्या शेतकरी घरातून निघून अमेरिकेत ओहायो राज्यात मूत्ररोगांचे शस्त्रवैद्य झाले. गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 कलमांची एक पडताळणी यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी आणि रोगी बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबायचे आणि ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे, एवढीच ती योजना. सिअ‍ॅटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, नवी दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत, साडेसात हजारांहून अधिक रोग्यांवर, आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून पाहिले. मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, मोठ्या गुंतागुंतींचे 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर.

त्या यादीत एक कलम असे आहे, की ते प्रथम वाचणाऱ्याला निव्वळ शिष्टाचाराचे वाटावे : सुरी लावण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. मी पाहिलेल्या रुग्णालयात हे कलम रोज पाळले जाते. भूलतज्ज्ञ, सहायक, दोन्ही सिस्टर, वॉर्डबॉय असे करत शेवटी पाळी येते ती मावशींवर. वीस वर्षे त्या या इमारतीत लादी पुसतात. हा शिरस्ता सुरू झाला त्या पहिल्या सकाळी, डॉक्टर सांगत होते, त्यांनी तोंडावरचा मास्क नीट करीत आपले पूर्ण नाव सांगितले आणि खोलीत एकदम शांतता झाली, कारण ते नाव तिथल्या एकालाही ठाऊक नव्हते. "त्या दिवशी मला कळलं," डॉक्टर म्हणाले, "की ज्या बाईंचं नाव आम्ही इतक्या वर्षांत विचारलं नाही, त्या बाई, साहेब तुमच्या झग्याला डाग लागलाय, हे तरी मला कशाला सांगतील?"

पण नुसता छापील कागद हे काम करीत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सरकारी हुकमाने 101 रुग्णालयांत हीच यादी लागू झाली, तिच्या पालनाचे आकडेही उत्तम येऊ लागले, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. उलट अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात ज्या 14 रुग्णालयांनी यादीबरोबर माणसांच्या आपसांतील वागण्याचे शिक्षण नेटाने पूर्ण केले, तिथे मृत्यू घटले. कागद तोच होता. हुकमाने खूण करून घेता येते, तोंड उघडून घेता येत नाही. आपल्या कचेऱ्यांतल्या तक्रारपेट्या मला यावेळी आठवतात; त्यांची कुलपे गंजलेली असतात, आणि पेटीत काही सापडले नाही याचा अर्थ कोणाचीच तक्रार नाही, असा अहवाल वर जातो.

मग तोंड उघडते कशाने? बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी 2001 साली हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या पायऱ्यांची यादी केली होती : हात धुणे, कातडी जंतुनाशकाने पुसणे, रोग्यावर निर्जंतुक चादर घालणे, स्वतः मास्क, टोपी, झगा आणि हातमोजे घालणे, आणि नळीवर निर्जंतुक पट्टी लावणे. महिनाभर परिचारिकांनी केवळ टिपून ठेवले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत डॉक्टर एक तरी पायरी गाळतात, असे निघाले. परिचारिकांना हे आधीही दिसत होते. प्रोनोव्होस्ट यांनी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून हुकूम मिळवला, की पायरी गाळणाऱ्या डॉक्टरला परिचारिकेने थांबवावे आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहील. नळीमुळे होणारा संसर्ग 11 टक्क्यांवरून शून्यावर आला. ज्ञान तेच, माणसे तीच, साबण तोच. बदल झाला तो थांबवणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे, या एका गोष्टीत.

आमच्या डॉक्टरांना हे पुस्तकांतून उमगले नव्हते. निवासी डॉक्टर असताना, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, आदल्या संध्याकाळी त्यांनी वॉर्डात एका शेतमजुराचा हर्निया स्वतः तपासला होता. तो डावीकडे होता. सकाळी टेबलावर कागदांत उजवीकडे लिहिलेले होते आणि उजवी बाजू रंगवून तयार होती. "मी पाहिलं, मला आठवलं, आणि मी मनाशी म्हटलं, सरांनी तपासलं असेल. सर म्हणजे त्या वेळी देव. छेद घेतल्यावर आत काहीच नाही म्हटल्यावर सर म्हणाले, कागद कोणी लिहिला? तो मी लिहिला नव्हता, म्हणून मी सुटलो. ज्यानं लिहिला त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली." रोगी बरा झाला, दोन व्रण घेऊन घरी गेला, आणि दुसरा व्रण कशाचा हे त्याला कोणी सांगितले नाही. ही हकीकत सांगताना साठीच्या घरातील हा माणूस खिडकीबाहेर पाहत होता. "नोटीस कागद लिहिणाऱ्याला मिळाली," ते थोड्या वेळाने म्हणाले, "पण ठाऊक असून गप्प बसलेला मी होतो, आणि मी का गप्प बसलो, हे आजपर्यंत मला कोणी विचारलेलं नाही."

स्वतःचे रुग्णालय काढल्यावर त्यांनी तांबड्या पाठीची, लांब बांधणीची एक नोंदवही ठेवली. तिला इथे सगळे "थांबवही" म्हणतात. शस्त्रक्रिया कोणी, कशासाठी थांबवली आणि पुढे काय निघाले, एवढेच तिच्यात लिहायचे. कोणाकडून खुलासा मागवायचा नाही, पगारवाढीच्या वेळी ती वही उघडायची नाही, आणि थांबवणे अनाठायी ठरले तरी नोंद करून आभार मानायचे, हे तिचे नियम. पहिल्या पानावरची पहिली नोंद डॉक्टरांच्या हातची आहे, आणि ती त्यांनी स्वतः केलेल्या चुकीची आहे : रोग्याला पेनिसिलीन चालत नाही हे फाइलवर तांबड्या शाईने लिहिलेले असताना त्यांनी तेच द्यायला सांगितले, आणि सिस्टरांनी इंजेक्शन भरण्यापूर्वी ते त्यांच्या लक्षात आणून दिले. त्या नोंदीनंतर पुढची तीन पाने केवळ त्यांचीच आहेत. पहिली नर्स लिहायला धजावली ती चौथ्या महिन्यात. मी ती पाने उलटत गेलो तसे एक जाणवले, की आरंभीच्या नोंदी "नम्र विनंती की" अशा लांबलचक सुरू होतात आणि पुढे आखूड होत जातात : "रक्ताची बाटली आली नव्हती. थांबलो." "पाय उजवा. खूण डावीकडे. थांबलो."

एकदा विश्वस्तांपैकी कोणी ती वही चाळून, आपल्याकडे इतक्या चुका होतात का, असे विचारले. प्रश्न गैर नव्हता. हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करीत असताना एमी एडमंडसन यांनीही रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास याच अपेक्षेने हाती घेतला होता, की चांगल्या चमूंच्या हातून चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले. ज्यांचे परस्परसंबंध चांगले, त्यांच्याकडच्या चुका अधिक. शोध घेता उलगडा झाला, की तिथली माणसे चुका अधिक करीत नव्हती, त्या उघड सांगत होती. डॉक्टरांनी विश्वस्तांना एवढेच विचारले, की शेजारच्या गावातील रुग्णालयात अशी वही नाही, तर तिथे चुका होत नाहीत असे आपण समजायचे काय?

निर्भयतेचा अर्थ इथे सैलपणा असा घेतला जात नाही, हेही नोंदवले पाहिजे. रात्रपाळीला दारू पिऊन आलेल्या एका कर्मचाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी कामावरून दूर केले आणि त्यात दयामाया दाखवली नाही. चूक आणि बेपर्वाई यांतील अंतर जो ओळखत नाही, त्याला यांपैकी एकाही गोष्टीला न्याय देता येत नाही. अनाठायी थांबवणाऱ्यामुळे वेळही जातो, आणि भुलेखालच्या रोग्याच्या बाबतीत वेळ ही फुकटची वस्तू नाही. ती अकरा मिनिटे भूलतज्ज्ञांना नकोशी होती. त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवले, आणि तेही बोलता आले पाहिजे.

मला खरी खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. इथे तयार झालेली एक सिस्टर लग्नानंतर मोठ्या शहरातील एका रुग्णालयात लागली. तिथे दुसऱ्याच आठवड्यात मोजणी जुळेना, म्हणून तिने सवयीने तोंड उघडले, आणि, "मला शिकवणारी तू कोण?" असे ऐकून ती खोलीबाहेर गेली. तिने रात्री इथल्या थोरल्या सिस्टरांना फोन केला. "ताई, आता मी काय करू?" थोरल्या सिस्टर क्षणभर निरुत्तर झाल्या, असे त्यांनीच मला सांगितले. धैर्य माणसाबरोबर बदलीच्या गावी जाते, पण त्याला जागा देणारा माणूस मागे राहतो. ती मुलगी आता फळ्यावरचा आकडा वीतभर मोठा काढते आणि मोजणी जुळली नाही की काही न बोलता फळ्यासमोर जाऊन उभी राहते. टेबलाशी असलेल्या शस्त्रवैद्यांना मान वर करावीच लागते.

दुपारी डॉक्टर हात धुऊन बाहेर आले तेव्हा थांबवही टेबलावर उघडी होती. सकाळच्या सिस्टर उभ्यानेच लिहीत होत्या. त्यांनी एक ओळ लिहिली, थांबल्या, आणि विचारले, "सर, चादरीत सापडला हे लिहू का? उगीचच थांबवलं असं वाटेल."

"लिहा," डॉक्टर म्हणाले, "आणि वेळही लिहा."

त्यांनी लिहिले : "मॉप 20 पैकी 19. थांबलो. चादरीच्या चुणीत मिळाला. 11 मिनिटे." खाली सही केली आणि वही डॉक्टरांपुढे सरकवली. डॉक्टरांनी त्यांच्या सहीखाली आपली सही केली. आत पुढचा रोगी टेबलावर आला होता, आणि कोणीतरी आपले नाव सांगायला सुरुवात केली होती.